रुमालातले पूर्वज

जुन्या मराठी घरात तीन वस्तू हटकून सापडतात. एक बंद पडलेले घड्याळ, एक किल्ली हरवलेली ट्रंक आणि एक पानिपतावर पडलेला पूर्वज. पहिल्या दोन वस्तूंबद्दल घरात मतभेद असू शकतात. घड्याळ विकून टाकावे असे सुनेला वाटते, ट्रंकेचे कुलूप फोडावे असे नातवाला वाटते. पूर्वजाबद्दल मात्र साऱ्यांचे एकमत असते. तो शूर होता, तो भाऊसाहेबांच्या अगदी जवळचा होता, आणि तो परत आला नाही. परत न आलेल्या माणसाचा एक मोठाच फायदा असतो. त्याच्याविषयी काहीही सांगितले तरी तो मध्येच 'असे नव्हे' म्हणून बोलत नाही.

परंतु अशा पूर्वजांच्या वतीने 'असे नव्हे' म्हणणारी एक संस्था पुण्यात सदाशिव पेठेत आहे. तिचे नाव भारत इतिहास संशोधक मंडळ. ७ जुलै १९१० या दिवशी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी तिची स्थापना केली. आज तिला शंभरावर वर्षे झाली. पंधरा लाखांहून अधिक कागद आणि तीस हजारांवर हस्तलिखिते तिने जमवली आहेत. त्यांतल्या कोणत्या कागदात कोणाचा पूर्वज दबा धरून बसला आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. कारण ब्रह्मदेवाला मोडी येत असल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही.

मौज अशी की, ज्या मेहेंदळ्यांच्या घरच्या आश्रयाने मंडळ उभे राहिले, त्या घराण्याचा पानिपताशी संबंध मात्र अस्सल आहे. बळवंतराव मेहेंदळे हे भाऊसाहेबांचे भरवशाचे सरदार. डिसेंबर १७६० मध्ये, मुख्य लढाईच्या आधीच, एका चकमकीत ते ठार झाले. त्यांचा मुलगा आप्पा बळवंत. पुस्तके घ्यायला आपण ज्या चौकात जातो तो आप्पा बळवंत चौक याच आप्पांच्या नावाचा. तेव्हा पानिपतावर पडलेल्या पूर्वजाविषयी मंडळाच्या मनात काही आकस आहे असे कोणी समजू नये. मंडळाचे म्हणणे एवढेच की, पडला असेल तर कागद दाखवा.

या 'कागद दाखवा'ची सुरुवात राजवाड्यांनी केली. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, आणि पुढे बावीस खंड झाले. त्या काळात संशोधन म्हणजे काय होते याची आज कल्पना करणे कठीण आहे. टाइप केलेली यादी नाही, अनुदान नाही, गाडीभाडे नाही. ज्या वाड्यात दप्तर असेल त्या वाड्याच्या पायऱ्या चढायच्या, मालकाची मनधरणी करायची, आणि माळ्यावरच्या धुळीत, ढेकणांत आणि उंदरांच्या लेंड्यांत बसून कागद निवडायचे. मालक बहुधा दोन प्रकारचे असत. एकाला वाटे, या कागदांत पुरलेल्या धनाचा पत्ता आहे आणि हा गृहस्थ तो चोरायला आला आहे. दुसऱ्याला वाटे, यांत काहीच नाही. म्हणून तो ते कागद बंबात घालून पाणी तापवी. राजवाड्यांचा स्वभाव तापट होता असे सगळेच सांगतात. मला वाटते, बंबाच्या तोंडाशी अठराव्या शतकातले पत्र जळताना ज्याने पाहिले आहे, त्याने शांत राहणे हाच खरा स्वभावदोष ठरला असता.

पुढे राजवाड्यांचे आणि मंडळाचे जमले नाही. ते धुळ्याला गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. त्यांच्या स्मरणार्थ धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ निघाले. म्हणजे या माणसाने एका गावात राहून एक मंडळ काढले आणि दुसऱ्या गावात मरून दुसरे काढले! मराठी माणसाचे भांडण एरवी वाया जाते; राजवाड्यांचे तेवढे वाया गेले नाही.

मंडळाच्या कामाची एक पद्धत मला फार आवडते. मोठमोठे ग्रंथ निघायचे तेव्हा निघोत; पण सभासदांनी ठराविक दिवसांनी जमावे आणि ज्याला जे सापडले असेल ते चार लोकांपुढे वाचून दाखवावे, अशी चाल मंडळाने पहिल्यापासून ठेवली. त्या वाचनांतून वार्षिक इतिवृत्ते आणि संमेलनवृत्ते निघाली, आणि १९२० च्या सुमारास त्रैमासिक सुरू झाले. त्या जुन्या अंकांतून मजकूर तरी कसला? एखाद्या मठाच्या सनदेची नक्कल, एखाद्या गावच्या पाटीलकीचा महजर, कोणा देशमुखाची वंशावळ, एका तांब्याच्या नाण्यावरची अर्धी पुसलेली अक्षरे. वरवर पाहणाऱ्याला वाटावे की हे गृहस्थ समुद्र सोडून शिंपले वेचत बसले आहेत. पण कधी कधी शिंपल्यातच समुद्र असतो.

जेधे शकावलीची गोष्ट घ्या. भोरजवळच्या कारीचे जेधे देशमुख हे शिवाजीमहाराजांचे जुने साथीदार. त्यांच्या घरी एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षवार, तिथीवार घडलेल्या गोष्टींची टिपणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली, आणि १९१६ साली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात त्यांनी ती प्रसिद्ध केली. तोपर्यंत महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ सालचा, असे बखरींच्या आधाराने बहुतेक लोक मानीत. शकावलीत निघाली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' तंजावरास सापडले, ते १९२७ साली छापून निघाले, आणि त्यातही तीच तिथी आली. तरीही वाद चालूच राहिला आणि महाराष्ट्र सरकारने ही तारीख स्वीकारायला २००१ साल उजाडले. एका घरातल्या एका बाडाने साऱ्या महाराष्ट्राच्या दिनदर्शिकेतला एक चौकोन हलवला. त्या जेध्यांच्या वाड्यात एखाद्या दिवाळीला एखाद्या उत्साही सुनेने माळा झाडायला घेतला असता, तर?

हे सारे मला माहीत होते असे मात्र समजू नका. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. इतिहासाच्या तासाला जो वर्ग गोंगाट करी, त्याला शेजारच्या वर्गातून जाऊन दटावणे एवढाच माझा इतिहासाशी संबंध. निवृत्त झाल्यावर मंडळात मोडीचा वर्ग चालतो असे कळले. दुपारची झोप डॉक्टरांनी बंद केली होती. म्हणून मी नाव घातले.

मोडी ही लिपी नव्हे, ती एक धावपळ आहे. बोरू उचलायला लागू नये म्हणून अक्षरांची पाठ, मान, कंबर सारे मोडून ती एकमेकांत गुंतवलेली. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग दोरीवर धुणे वाळत घालावे तशी तिच्यावर अक्षरे टांगायची. शब्द कोठे संपला ते लिहिणाऱ्याला माहीत असते; वाचणाऱ्याने ते नशिबावर सोडायचे. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, हे मात्र मला फार आवडले. जन्मभर मराठीच्या शिक्षकांनी माझ्या नोटिशींतले ऱ्हस्व-दीर्घ काढले, त्याचा सूड म्हणून मी आठवडाभर घरी मोडीतच किराण्याची यादी केली. आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला म्हणून लोक तिला अडीच शतके नावे ठेवीत आहेत. आमच्या वर्गात आम्ही तिसऱ्या दिवशी 'ध'चा 'मा', 'मा'चा 'सा' आणि 'सा'चा 'भ' केला, आणि कोणाच्या केसाला धक्का लागला नाही.

तारखांचा मात्र मला लळा लागला; गणिताचा मास्तर पडलो! जुन्या कागदावर साल आकड्यात घालण्यापेक्षा अरबी शब्दांत घालण्याची रीत होती, आणि तीही एकक आधी, शतक मागून. 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. झाले ११६१. हा शुहूर सन. यात सहाशे मिळवा, नाहीतर पाचशे नव्याण्णव; इसवी सन मिळतो. दोन आकडे अशासाठी की हे साल जानेवारीला पालटत नाही. सूर्य मृग नक्षत्रात गेला की ते पालटते; म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. ज्यांचे सारे पोट पावसावर, त्यांचे वर्ष पावसाबरोबर सुरू व्हावे, हे मला आपल्या एक तारखेपेक्षा शहाणपणाचे वाटते. आणि 'इहिदे सितैन' म्हणजे जून १७६० ते जून १७६१. १४ जानेवारी १७६१ हा पानिपताचा दिवस याच सालात पडतो.

येथे आमच्या घराण्याचा प्रवेश होतो.

आम्ही नीरेकाठच्या एका लहान गावचे कुलकर्णी. कुलकर्ण्यांची वतने १९५० च्या कायद्याने गेली, आणि त्यांच्याबरोबर दप्तर ठेवण्याचे कामही गेले. पण घरातला लाकडी पेटारा कोणी उचलून नेला नाही. त्यात मांजरपाटाच्या तांबड्या फडक्यात बांधलेले कागद होते. अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमालाला आमच्या घरी दसऱ्याला गंध-फूल मिळे. पण तो उघडण्याची कोणाची छाती नव्हती. कारण आत काय आहे हे उघडण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक होते. आमचा एक पूर्वज भाऊसाहेबांच्या फौजेत शिलेदार होता, तो पानिपतावर पडला, आणि पेशव्यांनी त्याच्या कुटुंबाला ओढ्याकाठची जमीन दिली. त्या शेताला आजही 'शिलेदाराची पट्टी' म्हणतात. पौष शुद्ध अष्टमी ही पानिपताची तिथी. त्या दिवशी आमच्या घरी शिलेदाराच्या नावाने एक पान वाढले जाई. आजी वाढी, आजीमागून आत्या वाढू लागली.

आत्या लहान वयातच माहेरी परत आली आणि मग तिने ते घर सोडले नाही. आज ती नव्वदीच्या घरात आहे. रुमालाची खरी मालकी तिची. कारण १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले तेव्हा तो पेटारा पुण्यात नारायण पेठेत आमच्या बिऱ्हाडी होता. १२ जुलैला पाणी चढू लागले, तेव्हा लोकांनी डबे, दागिने, मुले उचलली. आत्याने रुमाल उचलला. डोक्यावर तो आणि कडेवर मी, अशी ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. घरातले बाकी सारे चिखलात गेले. रुमालाला एका कोपऱ्यात ओल लागली तेवढीच. आपल्यापेक्षा रुमाल तिने अधिक घट्ट धरला होता, असे मी तिला अजून चिडवतो. ती म्हणते, "तू ओरडत होतास. तो बिचारा ओरडू शकत नव्हता."

असा हा रुमाल मी मंडळात नेऊ का, असे आत्याला विचारले. माझे मोडी एव्हाना बाळबोध कागदापुरते झाले होते. घसटीचे हस्ताक्षर लागत नव्हते. थोरले बंधू, म्हणजे दादा, विरुद्ध होते. त्यांचे म्हणणे, घरातली गोष्ट घरात बरी. आत्या म्हणाली, "ने. मरायच्या आधी एकदा त्याचे नाव कळू दे. इतकी वर्षे पान वाढते आहे, पण नुसते शिलेदार म्हणून. नावाने हाक मारली तर तो जेवेल तरी."

मंडळात मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्यापुढे आम्ही गाठ सोडली. जुन्या कागदांना एक वास असतो. हळद, धूर आणि पावसाळा यांच्या मिश्रणासारखा. पहिल्या दिवशी निघाले ते सारे हिशेब. कोणी किती पायली जोंधळा दिला, कोणाचा बैल कोणाच्या शेतात शिरला, वेशीच्या दुरुस्तीला गावाने काय खर्च केला. पानिपत कोठेच नाही. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी एका कागदावर बोट ठेवले आणि चष्मा वर केला. इहिदे सितैनचा रब्बीचा हिशेब होता. लिहिणाऱ्याने खाली आपले नाव घातले होते. ते नाव आमच्या वंशावळीत पानिपतावर पडलेल्या पूर्वजाचे होते.

म्हणजे तिकडे पानिपतावर तोफा उडत होत्या, त्या हिवाळ्यात आमचा वीर पुरुष नीरेकाठी सावलीला बसून हरभऱ्याची मापे मोजत होता!

मी हसलो. हसण्यासारखेच होते. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "घाई करू नका. ही पट्टी कोणाची म्हणता?" आणि त्यांनी त्याच हस्ताक्षरातला दुसरा कागद पुढे ओढला. त्यात आमच्या गावच्या एका मराठा शिलेदाराचे नाव होते. तो उत्तरेच्या स्वारीवर जाताना आपली ओढ्याकाठची पट्टी कुलकर्ण्याच्या हवाली करून गेला होता. शेत पिकवावे, उत्पन्नातून आपल्या घरी दरसाल धान्य घालावे, आपण आल्यावर हिशेब करू, असा करार. पुढच्या कागदांतून ते धान्य घातल्याची नोंद होती. एक वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे. त्या बाईच्या नावामागे कोठेही विधवेचा मायना घातलेला नव्हता. धान्य नवऱ्याच्या नावे खर्ची पडत होते. तो यायचा होता.

त्या काळी असे किती घरी चालले असेल! खुद्द भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत वैधव्य मानले नाही. भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया निघाला, लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि १७७६ साली त्याला मारावे लागले. हे सारे आपण राजकारण म्हणून वाचतो. पण तोतयावर लोकांनी विश्वास का ठेवला, ते मला त्या धान्याच्या नोंदीने कळले. ज्या देशात हजारो घरी ताट झाकून ठेवलेले असते, तेथे दारावर कोणीही थाप मारली तरी कडी निघते.

चवथ्या वर्षापुढे नोंदी थांबतात. ती बाई माहेरी गेली, की वारली, की आमच्या पूर्वजाने धान्य घालणे बंद केले, ते रुमालात नाही. त्यापुढे कधीतरी पट्टी आमची झाली, आणि पुढे केव्हातरी शिलेदारही आमचा झाला. शेताचे नाव तेवढे इमानदार राहिले. गावात आज त्या आडनावाचे एकही घर नाही.

आता खरी पंचाईत सुरू झाली. मी घरी येऊन सारे सांगितले तेव्हा दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वतन सरकारने घेतले. पट्टी १९५७ साली कूळकायद्याने कुळाला गेली. उरला होता एक पूर्वज. तो तुझ्या मंडळाने घेतला." हे विनोदाने बोललेले नव्हते. त्यांचा आवाज कापत होता. त्यांच्या दिवाणखान्यात ढाल-तलवारीचे चित्र आहे. नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेवर त्यांनी 'पानिपतवीरांचे वंशज' असे छापले होते. ते म्हणाले, "हे कागद आहेत तसे बांध आणि पेटाऱ्यात ठेव. खोटे बोल असे मी म्हणत नाही. नुसते बोलू नकोस."

वाचकहो, दादांना हसू नका. इतिहासाचे कागद जाळणाऱ्यांपेक्षा ते पेटाऱ्यात ठेवणारे पुष्कळ अधिक, आणि ती सारी सज्जन माणसे असतात. आपण जे मानीत आलो ते खोटे ठरणे हे एखाद्या घराला जड जाते, तसे समाजालाही जड जाते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर एक जमाव चालून आला. एका परदेशी लेखकाने शिवाजीमहाराजांवर पुस्तक लिहिले होते, त्यातल्या मजकुराने लोक संतापले होते, आणि पुस्तकात त्या संस्थेचे आभार मानलेले होते. पुस्तकाचा लेखक दूर होता. कपाटे जवळ होती. ग्रंथ, चित्रे, हस्तलिखिते यांची नासधूस झाली. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने देता येते, लेखाला लेखाने देता येते. फाटलेल्या पोथीला उत्तर नसते. आणि ज्या महाराजांच्या नावाने हे झाले, त्यांची जन्मतिथी पक्की करणारी शकावली पुण्यातल्याच अशा एका संस्थेच्या, आमच्या मंडळाच्या, वृत्तातून लोकांपुढे आली होती, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात असणार?

आमच्या घरचा तंटा अखेर आत्यापुढे गेला. तिला मी कागद वाचून दाखवले. हरभऱ्याची मापेही वाचली. ती डोळे मिटून ऐकत होती. दादांनी आपली बाजू मांडली. झाल्यावर तिने एकच विचारले, "त्या बाईला चार वर्षे धान्य घातले असे लिहिले आहे ना?"

"हो."

"पुढे घातले नाही?"

"लिहिलेले नाही."

"मग राहिलेले आपण देणे लागतो," आत्या म्हणाली. "आणि तुम्ही भांडता काय? इतकी वर्षे मी पान वाढते ते शिलेदाराला वाढते, तुमच्या पणजोबाच्या पणजोबाला नाही. तो जेवत होताच. आपला नव्हता एवढेच. आता नावही मिळाले." मग दादांकडे वळून म्हणाली, "आणि ज्याने हिशेब लिहिला तो काय वाईट होता रे? परक्याचे धान्य मोजून त्याच्या बायकोला पोचवायचे आणि ते लिहून ठेवायचे, याला काय तलवार लागते? तू बँकेत होतास. तुला तरी कळायला पाहिजे."

दादा बँकेत चाळीस वर्षे हिशेबच लिहीत होते. ते काही बोलले नाहीत. पण रुमाल बांधायला त्यांनीच घेतला, आणि मंडळात द्यायला माझ्याबरोबर आलेही. कागद दिल्याची पोच मिळाली तेव्हा तीवरचे आमचे नाव त्यांनी दोनदा वाचले.

पुढे एका सभेत मी या कागदांवर पंधरा मिनिटे बोललो. श्रोते मोजकेच होते. अशा सभेला येणारे लोक दोन प्रकारचे: शंका घेणारे, आणि शंका घेणाऱ्यांची शंका चुकीची आहे असे म्हणणारे. एकाने विचारले, हिशेबावरचे नाव लिहिणाऱ्याचेच कशावरून, त्याच्या वतीने दुसऱ्याने लिहिले नसेल कशावरून? मी म्हटले, आधीच्या आणि नंतरच्या हिशेबांतले अक्षर तेच आहे. दुसऱ्याने विचारले, तो शिलेदार पानिपतावरच पडला हे कशावरून? वाटेत आजाराने मेला असेल, किंवा उत्तरेतच राहिला असेल. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण कागदात उत्तर नाही. कागद एवढेच सांगतो की तो गेला, आणि चार वर्षे त्याची वाट पाहिली गेली. अध्यक्ष म्हणाले, तेवढेच लिहा. त्याहून एक अक्षरही जास्त लिहू नका.

गणिताचा मास्तर असून हे मला इतक्या उशिरा ऐकायला मिळाले याचे नवल वाटते. उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडावी, असे मी मुलांना जन्मभर सांगत आलो. पण कोऱ्या जागेचाही मान ठेवायचा असतो, हे मला त्या खोलीत पाहायला मिळाले. शे-सव्वाशे वर्षे ही माणसे तेच करीत आली आहेत. ग. ह. खरे यांच्यासारखा माणूस स्वतः फारसी शिकतो, जुन्या फारसी कागदांचे खंडामागून खंड काढतो. दत्तो वामन पोतदारांसारखा माणूस मंडळासाठी आयुष्य वेचतो. त्यातून कोणाचा वाडा बांधून झाल्याचे ऐकिवात नाही. लाभ एवढाच की, नीरेकाठच्या एका विसरलेल्या माणसाचे नाव अडीचशे वर्षांनी कोणीतरी मोठ्याने वाचते.

आता दिवाळी आली आहे. घरोघर माळे झाडले जात असतील. जुनी भांडी मोडीत जातील, रद्दीवाला दारात तराजू घेऊन उभा राहील. त्या गर्दीत एखादे तांबड्या फडक्याचे गाठोडे हाती लागले, तर ते लगेच खाली टाकू नका. उन्हात घालू नका, चिकटपट्टी लावू नका, डाग पुसू नका. कागद एकमेकांना चिकटले असले तर ओढू नका. पुण्याला, धुळ्याला, नागपूरला, कोल्हापूरला, आपल्या जवळ जेथे अशी संस्था असेल तेथे ते गाठोडे जसेच्या तसे न्या. आत तुमचा वीर पूर्वज नसेलही. एखादा हिशेबनीस निघेल, एखादा कर्जबुडव्या निघेल, किंवा दुसऱ्याच कोणाचा माणूस तुमच्या घरी अडीचशे वर्षे वस्तीला असलेला निघेल.

निघाला तर घाबरू नका. आमच्याकडे गेल्या पौषात दोन पाने वाढली होती. एक शिलेदाराच्या नावाने, एक त्याच्या बायकोच्या. बाईचे नाव मात्र कागदात नव्हते. आत्याने पानापुढे रांगोळी काढली आणि नावाची जागा कोरी सोडली.